परिपाठासाठी दिनविशेषचं टेबल कॅलेंडर घेतलं, वापरून कसं वाटलं ते सविस्तर

जिल्हा परिषदेच्या शाळेत जे शिकवतात त्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे रोज सकाळी परिपाठ असतो, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधान, प्रार्थना झाली की सुविचार, बातम्या, बोधकथा आणि दिनविशेष. दिनविशेष म्हणजे आजच्या तारखेला इतिहासात काय घडलं, कुणाचा जन्म, कुणाची पुण्यतिथी. आणि खरं सांगायचं तर सगळ्या परिपाठात सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच असतो, कारण एक पोरगं कागद घेऊन उभं राहतं आणि एका दमात वाचतं, अमुक साली अमुक यांचा जन्म, तमुक साली तमुक यांचं निधन, समोरच्या ओळीतली पोरं चप्पलने मातीत रेघोट्या मारत बसतात आणि वाचणाऱ्याला पण कळत नाही आपण काय वाचलं. मला याचा मनापासून राग यायचा. दिवसाची सुरुवात इतक्या मोठ्या माणसांच्या नावांनी करायची आणि त्यातलं एकही डोक्यात उतरू नये, हे काय बरोबर नाही.

तर हे कॅलेंडर. साताऱ्यात मोती चौकातनं राजवाड्याकडे जाताना एक स्टेशनरीचं दुकान लागतं तिथे काउंटरवर उभं करून ठेवलेलं दिसलं. टेबलावर ठेवायचं, वरून पलटायचं, स्पायरल बाइंडिंग, ३६६ पानं, वार छापलेला नाही फक्त तारीख आणि महिना, त्यामुळे दरवर्षी तेच चालतं. २९ फेब्रुवारीचं पण पान आहे आणि त्यावर मोरारजी देसाई आहेत (जन्म १८९६), बऱ्याच ठिकाणी हे पानच गाळतात म्हणून मी दुकानात आधी तेच उघडून बघितलं. किंमत साडेतीनशे. आपल्याच भागातल्या एका छोट्या प्रेसने छापलंय. नाव इथे टाकत नाही कारण पुढे चुका पण लिहिणारे आणि त्या मी त्यांना फोन करून सांगितल्यात, त्यांनी नीट ऐकून घेतलं, उगाच छोट्या माणसाच्या धंद्याला त्रास नको. हवं असेल त्यांनी मोती चौकात कुठल्याही स्टेशनरीवाल्याला विचारा, दाखवतील.

आता मुद्द्याचं. बाजारात दिनविशेषची पुस्तकं कमी नाहीत, मग यात वेगळं काय? एकतर एका पानावर चारपाचच नोंदी आहेत, पण प्रत्येक नोंदीला दोन तीन ओळी दिल्यात, कुठे घडलं, का घडलं, त्या माणसाने पुढे काय केलं. आणि प्रत्येक पानावर खाली एक पट्टी आहे, त्यात शक्य असेल तिथे सातारा सांगली भागातली त्या दिवसाची गोष्ट. म्हणजे जग आणि आपला जिल्हा एकाच पानावर. हे ज्याने कुणी ठरवलं त्याला मानलं पाहिजे.

७ नोव्हेंबरचं पान सांगते, मला सगळ्यात आवडलेलं. वर मेरी क्युरी, जन्म १८६७, वॉर्सा. तेव्हा तिथे रशियाच्या झारचं राज्य होतं आणि मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता, म्हणून ती चोरून चालणाऱ्या वर्गांत शिकली, मग १८९१ ला पॅरिसला गेली, पुढे दोन नोबेल, १९०३ ला फिजिक्सचं आणि १९११ ला केमिस्ट्रीचं. त्याखाली सी. व्ही. रामन, जन्म १८८८, तिरुचिरापल्ली, नोबेल १९३०. त्याखाली १९१७ ची रशियन क्रांती, म्हणजे ज्या झारशाहीने क्युरीला कॉलेजात जाऊ दिलं नाही ती त्याच वर्षी आधी गेली होती आणि आता बोल्शेविकांनी सत्ता घेतली. आणि खालच्या पट्टीत, ७ नोव्हेंबर १९००, साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर नंबर १९१४.

ती शाळा म्हणजे आत्ताचं प्रतापसिंह हायस्कूल, राजवाड्यात. आमच्या पोरांनी सातारला जाताना राजवाडा कितीदा तरी बघितलाय, भेळ खायला, गारेगार खायला तिथेच थांबतात सगळे. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, त्यामुळे परिपाठात तेवढी एक ओळ दरवर्षी यायचीच. पण या पानामुळे झालं काय की दोन मुलं शेजारी शेजारी आली. एक पोलंडमधली मुलगी जिला बाई म्हणून वर्गात घेत नाहीत, आणि एक साताऱ्यातला मुलगा ज्याला वर्गात घेतलं पण बसायला वेगळं आणि पाण्याला हात लावायचा नाही. मी यावर काही भाषण दिलं नाही. सातवीतल्या एका मुलीने वाचलं आणि वाचून झाल्यावर तिनेच विचारलं, "बाई, मग दोघांनी शाळा सोडली का न्हाई?"

त्यावर मग मी मसूर स्टेशनची गोष्ट सांगितली, ती पानावर नाहीये. भिवाचे वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कॅशियर होते, १९०१ मध्ये सुट्टीत भिवा आणि भावंडं साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरली, वडिलांना पत्र पोचलंच नव्हतं म्हणून घ्यायला कुणी आलं नाही, आणि जात कळल्यावर एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालत येणार, अशा अटीवर निघाली. मसूर आमच्या पोरांना माहितेय, कुणाचा मामा तिकडे, कुणाची आत्या. त्या दिवशी मैदानात एकाने पण रेघोट्या मारल्या नाहीत. आमच्या परिपाठाला दहा मिनिटं असतात, त्या दिवशी पहिला तास सुरू व्हायला चांगलाच उशीर झाला आणि आमच्या मुख्याध्यापक सरांनी काही म्हटलं नाही.

२२ सप्टेंबर पण असंच भारी जमलंय. कर्मवीर भाऊराव पाटील, जन्म १८८७, कुंभोज. आणि मायकेल फॅरेडे, जन्म १७९१, लंडनजवळ. कर्मवीरांचं आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, रयत शिक्षण संस्था त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळ काल्याला काढली आणि १९२४ ला साताऱ्यात आणली, अर्ध्या गावाचे आजोबा त्यांच्या कुठल्या ना कुठल्या बोर्डिंगात राहून शिकलेत. पण फॅरेडे कोण, तर लोहाराचा पोरगा, शाळा जेमतेम, पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात शिकाऊ म्हणून राहिला आणि जी पुस्तकं बांधायला यायची तीच वाचून शिकला, पुढे ज्या तत्त्वावर जनरेटर चालतो ते त्याने शोधलं. पानावर एवढंच होतं. सहावीतला एक पोरगा हात वर करून म्हणाला, "म्हंजी बाई, फॅरेडे पण कमवा आणि शिकामधलाच की!" मी चाट पडले, कारण कमवा आणि शिका म्हणजे काम करत शिकायची कर्मवीरांचीच योजना. हे वाक्य कुठल्या गाइडमध्ये मिळणार नाही, दोन नावं शेजारी ठेवल्यावर पोराच्या डोक्यात आपोआप तयार झालं ते.

यातनं मला एक पक्कं कळलं की एका तारखेला दोन माणसं जन्मली हा निव्वळ योगायोग असतो, त्यात काही संकेत बिंकेत नसतो, पण शिकवायला तो योगायोग फार कामाचा, कारण पुस्तकात फॅरेडे विज्ञानात असतो आणि कर्मवीर इतिहासात आणि दोघांची गाठ कधी पडतच नाही.

अजून थोडी पानं पटापट सांगते म्हणजे अंदाज येईल. १ ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची जयंती हे महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ, शाळाशाळांत दोन्ही फोटोंना एकत्रच हार घालतात, पण वर्ष कुणी बघत नाही. दोन्हीचं वर्ष एकच, १९२०. मुंबईत टिळक गेले आणि वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले, ते अगदी त्याच दिवशी, आणि असहकार आंदोलन पण त्याच तारखेपासून सुरू झालं. हे कॅलेंडर वर्ष ठळक छापतं त्यामुळे पोरांच्या लगेच लक्षात येतं. वर्षं एकसारखी दिसली की ती ओरडतातच.

१२ मार्च, यशवंतराव चव्हाण, जन्म १९१३, देवराष्ट्रे. आणि १९३० साली त्याच तारखेला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. आता वजाबाकी करा. यात्रा निघाली त्या दिवशी कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकणारा यशवंत बरोबर १७ वर्षांचा झाला, आणि पुढे दोन वर्षांत त्याला जेल झाली. ही वजाबाकी पानावर दिलेली नाही, मीच फळ्यावर करून घेतली. दुसरी एक गोष्ट मात्र त्यांनी नीट दिलीय, देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं सांगली नाव पडलं १९६० ला. आमच्या इथे यशवंतराव साताऱ्याचे की सांगलीचे यावरून अजून वाद होतात, तर दोन्ही बरोबर.

२४ जुलै. १९४३, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा जेल फोडून तटावरून उड्या टाकून पळाले, मागून गोळीबार झाला, साथीदारांपैकी काहीजण जागीच गेले आणि दादांना खांद्यात गोळी लागली. १९६९, अपोलो ११ चे तिघं अंतराळवीर चंद्रावरून परत येऊन प्रशांत महासागरात उतरले. १९९१, मनमोहनसिंगांनी ते बजेट मांडलं ज्याने देशाचा धंदा उघडा झाला. एका पानावर जेल, चंद्र आणि बजेट. पोरांना बजेटमध्ये फार रस वाटला नाही, साहजिक आहे. जेलच्या गोष्टीवर मात्र प्रश्नांवर प्रश्न, तट किती उंच, खंदकात पाणी होतं का, गोळी लागल्यावर पळाले कसे. आमच्या एका सहकारी मॅडमचं माहेर सांगलीचं, गणेशदुर्गाच्या (हा जेल ज्या किल्ल्यात आहे तो) मागेच, त्यांनी मग खंदकाचं वर्णन करून सांगितलं.

५ नोव्हेंबर तर सांगलीकरांनी फ्रेम करून लावावं असं पान. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजवाड्यात सीतास्वयंवराचा पहिला प्रयोग केला म्हणून तो मराठी रंगभूमी दिन, आणि त्याच तारखेला विराट कोहलीचा जन्म (१९८८) आणि मंगळयान सुटलं (२०१३). कोहलीमुळे ते पान आमच्या शाळेत आता सगळ्यात मळलंय. १५ जानेवारीला खाशाबा जाधव, जन्म १९२६, कराडशेजारचं गोळेश्वर, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि त्याच पानावर सेनादिन आणि मार्टिन ल्यूथर किंग. १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद सगळीकडे असतात, इथे खाली शिवरायांचे नातू शाहू महाराज यांचा १७०८ चा साताऱ्यातला राज्याभिषेक पण आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १८३१, नायगाव, खंडाळा तालुका, आणि ते आपल्याच जिल्ह्यात येतं हे स्पष्ट लिहिलंय.

आता कुणी म्हणेल हे सगळं मोबाईलवर फुकट मिळतं की. मिळतं. रोज सकाळी ग्रुपवर दिनविशेषची पोस्ट पडते, खाली हिरवे निळे फुलांचे फोटो, आणि त्यातलं किती खरं हे कुणी बघत नाही. दरवर्षी १४ फेब्रुवारीला एक मेसेज फिरतोच, या दिवशी भगतसिंगांना फाशी झाली आणि लोक व्हॅलेंटाइन साजरा करतात म्हणून. फाशी झाली २३ मार्च १९३१ ला, लाहोरला, आणि शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३० ला, १४ फेब्रुवारीचा त्या दोन्हींशी काही संबंध नाही. ज्या माणसाने २३ व्या वर्षी जीव दिला त्याची तारीख तरी नीट सांगावी एवढी साधी अपेक्षा आहे. तर २९ फेब्रुवारीनंतर मी लगेच १४ फेब्रुवारी उघडून बघितला, ती थाप तिथे नाही, आणि २३ मार्चला तिघांचीही नावं नीट आहेत. तिथेच माझा विश्वास बसला आणि पैसे काढले.

पण आता तक्रारी, आणि त्या बारीक नाहीत.

सगळ्यात मोठी तक्रार जुन्या तारखांची. ७ नोव्हेंबरच्या पानावर त्यांनी व्यवस्थित लिहिलंय की रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, १३ दिवस मागे, तिथे त्या दिवशी २५ ऑक्टोबर होता म्हणून ऑक्टोबर क्रांती म्हणतात. छान. मग हेच २३ एप्रिलला का नाही लिहिलं? तिथे छापलंय की १६१६ साली इंग्लंडचा शेक्सपिअर आणि स्पेनचा लेखक सर्व्हांटिस एकाच दिवशी गेले. तारीख एक असेल, दिवस एक नव्हता. पोपने १५८२ ला कॅलेंडर सुधारलं, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर, आणि स्पेनने ते लगेच घेतलं. इंग्लंडने घेतलं १७५२ ला, तिथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. म्हणजे १६१६ मध्ये दोन्ही देशांत दहा दिवसांचा फरक होता आणि इंग्लंडचा २३ एप्रिल स्पेनमध्ये ३ मे होता. ज्या कॅलेंडरला एका पानावर हे माहितेय त्याला दुसऱ्या पानावर माहीत नसावं हे खटकतं. बहुतेक वेगवेगळ्या माणसांनी पानं लिहिली असणार आणि शेवटी एका नजरेखालून गेली नाहीत.

आणि हेच आपल्या घरच्या बाबतीत जास्त लागतं. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड, अफजलखानाचा वध. ही तारीख जुन्या म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे, आपल्या आत्ताच्या पद्धतीने मोजलं तर दहा दिवस पुढे जाते. १९ फेब्रुवारी १६३० चं तेच, ६ जून १६७४ चं तेच. तारीख चुकीची आहे असं मी म्हणत नाहीये, सगळीकडे हीच धरतात, सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीलाच असते. पण आपल्याकडे तिथी पक्की नोंदलेली आहे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, आणि प्रतापगडावर शिवप्रताप दिन तिथीनेच होतो. त्यामुळे झालं काय, १० नोव्हेंबरला पोरांनी कॅलेंडर वाचलं, आणि नंतर जेव्हा पेपरात गडावरच्या सोहळ्याची बातमी आली तेव्हा पोरं विचारायला लागली की बाई, आधीच झालं होतं ना, परत कसं. रायगडावरच्या राज्याभिषेकाचं तर दोन्ही साजरे होतात, ६ जूनला पण आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला पण. मग पानावर तारखेखाली बारीक अक्षरात तिथी आणि शक टाकायला किती जागा लागली असती? एक ओळ. महाराष्ट्रात दिनविशेष छापायचा आणि शिवकाळातल्या नोंदींना तिथी द्यायची नाही, हे मला पटत नाही. प्रेसला मी हेच सांगितलं, ते म्हणाले पुढच्या छपाईत बघतो.

दुसरी गोष्ट चंद्राची. २० जुलैच्या पानावर लिहिलंय की १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. अमेरिकेत आणि ग्रीनिच वेळेने २० तारीखच होती, पण ईगल हे यान चंद्रावर उतरलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलैची मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजून गेले होते. इथे चूक म्हणता येणार नाही, जग २० जुलैच म्हणतं, पण एवढी एक ओळ दिली असती तर पोरांना वेळेतला फरक आपसूक समजला असता. मी वर्गात पृथ्वीचा गोल फिरवून समजावलं आणि तास मस्त झाला, तेव्हा या तक्रारीचा मला फायदाच झाला म्हणायचं.

तिसरं, बायका कमी. सावित्रीबाई, जिजाऊ, इंदिरा गांधी, क्युरी आहेत, आशाताई ८ सप्टेंबरला आहेत (१९३३, सांगली), पण पलटत गेलं की पानंच्या पानं फक्त पुरुष दिसतात. आणि ज्या तारखेला काही सापडलं नाही तिथे जागतिक अमुक दिन, जागतिक तमुक दिन असं काहीतरी भरून पान उरकलंय. त्यापेक्षा जागा मोकळी सोडायची.

चौथं, आपल्या भागातल्या काही मोठ्या गोष्टी राहून गेल्यात. ७ जूनच्या पानावर १८९३ ला गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गला रेल्वेच्या डब्यातनं उतरवलं ते आहे. आणि खालच्या पट्टीत काहीच नाही, रिकामी. अरे, ७ जून १९४३ ला शेणोलीला रेल्वे अडवली ना! कराड तालुक्यातलं शेणोली. प्रतिसरकारच्या (इंग्रजांना न जुमानता साताऱ्यात लोकांनी चालवलेलं सरकार) तुफान सेनेने, जी. डी. बापू लाड आणि मंडळींनी, इंग्रज सरकारच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी थांबवून पैसा काढून घेतला आणि चळवळीला लावला. एकाच तारखेला, ५० वर्षांच्या अंतराने, दोन रेल्वे. एकीतनं एका वकिलाला ढकलून उतरवलं आणि दुसरी त्याच देशातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी अडवली. याहून चांगली जोडी या कॅलेंडरला मिळाली नसती आणि नेमकी तीच सुटली, मला खूप हळहळ वाटली. मी निळ्या पेनाने पट्टीत लिहून टाकलंय. क्रांतिसिंह नाना पाटील मात्र दोन्ही ठिकाणी आहेत, ३ ऑगस्टला जन्म (१९००, गाव येडे मच्छिंद्र) आणि ६ डिसेंबरला निधन (१९७६), म्हणजे महापरिनिर्वाण दिनाच्याच तारखेला. ९ सप्टेंबरला वडूजच्या १९४२ च्या मोर्चावरचा गोळीबार आणि त्यात हुतात्मा झालेले परशुराम घार्गे पण आहेत.

रिकाम्या पट्टीचा एक उपयोग झाला तो सांगते. पोरांना मी सांगितलं की घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपल्या गावात कुठली तारीख लक्षात आहे. कुणी गावात लाइट आली ती सांगितली, कुणी पाणी योजनेचं उद्घाटन. सगळ्यात जास्त जणांनी आणलं ते ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटेची वेळ. तो कॅलेंडरमध्ये आधीच आहे, पण आज्यांनी सांगितलेलं पानावर कुठून येणार, भांडी फळीवरनं पडली, जनावरं दावी तोडून पळाली, लोक कितीतरी दिवस बाहेर अंगणात झोपले. त्याच पानावर प्रणव मुखर्जींचा जन्म (१९३५) आणि विश्वनाथन आनंदचा (१९६९) पण आहे, पण आमच्याकडे ११ डिसेंबर म्हणजे भूकंपच राहणार.

वस्तू म्हणून कशी आहे? स्टँड जाड पुठ्ठ्याचा, नीट उभा राहतो, वाऱ्याने पडतो मात्र, मैदानात नेताना मागे डस्टर टेकवून ठेवतो आम्ही. स्पायरल ठीक, जुलै ऑगस्टच्या मध्यावर पानं अडकतात कारण गठ्ठा जाड आहे, हळू पलटायचं. पोरांच्या हातात दिलं की वरची भोकं फाटणार हे धरूनच चाला, आम्ही मळलेल्या पानांना मागून सेलोटेप लावलाय. कागद चकचकीत नको होता, सकाळच्या उन्हात धरलं की चमकतो आणि मागच्याला दिसत नाही, साधा मॅट असता तर पेनानेही नीट लिहिता आलं असतं. फोटो ब्लॅक अँड व्हाइट आणि लहान, फॅरेडेचा तर ओळखूच येत नाही. शुद्धलेखन चांगलं आहे, हे आवर्जून सांगते कारण हल्ली छापलेल्या गोष्टीत ते दुर्मीळ झालंय.

कुणी घ्यावं? पाचवी ते दहावीच्या शिक्षकांनी डोळे झाकून, फक्त १५८२ ते १७५२ मधल्या तारखा दिसल्या की एकदा पडताळून घ्या आणि शिवकाळातल्या पानांवर तिथी स्वतः लिहा. पहिली ते चौथीसाठी भाषा जड जाते, तिथे बाईंनी किंवा गुरुजींनी आधी वाचून आपल्या शब्दांत सांगितलं तरच उपयोग. घरी आजोबा आज्जी असतील तर जरूर घ्या, रोज सकाळी चहाबरोबर वाचायला भारी. एमपीएससीवाल्यांनी यावर अवलंबून राहू नका, नोंदी कमी आहेत आणि त्यांना लागतात तसल्या याद्या यात नाहीत. शाळेसाठी दोनचार एकदम घेतलीत तर दुकानदार काका थोडे कमी करतात, मला केले.

पाचापैकी चार देते. तिथी टाकली आणि शेणोली घेतलं की पाच.